त्याचा आवाज येतो, माझा जात नाही

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचतेय. वाचून झालं की मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधायचं, ही माझी सवय. जिना वाजला... लाकूड आकसलं असेल. दिवा गेला... कनेक्शन लूज असेल. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच होता. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. गावी कुणाला काही ‘दिसलं’ की मी वाद घालायचे आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, कौतुकाने म्हणायचे, “शिकलीया ती, तिच्याशी बोलून उपेग न्हाई.”

त्यामुळे हे लिहावं की नाही, याचा महिनाभर विचार केला. तुम्ही हसलात तरी चालेल. पण कुणाला यातलं काही कळत असेल तर मला सांगा, एवढ्यासाठी लिहितेय.

अण्णांचं बार्शीत बसस्टँडच्या मागे दुकान आहे. कारटेप, स्पीकर, हॉर्न, वायरिंग. अण्णा सातवीपर्यंत शिकले, पण बंद पडलेला टेप हातात घेतला की चेहऱ्यावरून कळतं, त्यांना रोग सापडलाय. सुट्टीत मी तिथेच असायचे. सोल्डरिंग मी तिथे शिकले, इंजिनियरिंगला जायच्या कितीतरी आधी. आणि एक नियम शिकले... गाडीच्या वायरिंगला हात लावायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. अण्णांच्या डाव्या हाताच्या बोटावर अंगठीच्या आकाराचा भाजल्याचा वण आहे. तरुणपणी एकदा निगेटिव्ह न काढता पाना लावला, अंगठी मध्ये आली आणि करंटने तापून लाल झाली. तो वण दाखवूनच त्यांनी मला तो नियम शिकवला. मी तो कधीच मोडला नाही. त्या दिवशीही नाही.

आता मी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात मास्टर्स करतेय. सिग्नल प्रोसेसिंग हा विषय. युनिव्हर्सिटीपासून चालत जाण्यासारखं अर्ली नावाचं उपनगर आहे, तिथे एका मराठी जोडप्याकडे वरच्या मजल्यावरची मागची खोली घेऊन राहते. काका-काकू मूळचे पुण्याचे. चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आले. काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर होते, आता रिटायर्ड. मला ‘मॅडम इंजिनियर’ म्हणतात. काकू मी लेक्चरवरून आले की काही न विचारता ताट वाढतात.

त्यांच्या ड्राइव्हवेवर एक गाडी उभी असते. निळी, मोठी, अमेरिकेतली, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. ती त्यांच्या मुलाची, मंदारदादाची. तो इथेच जन्मला, इथेच शिकला आणि नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. दीड वर्षापूर्वी त्याने परत यायचं ठरवलं. आईवडील थकत चालले म्हणून. गाडी त्याची फार लाडकी, म्हणून ती जहाजाने पुढे पाठवली. मागून तो विमानाने येणार होता. निघायच्या चार दिवस आधी तिकडेच, झोपेत, हृदय बंद पडलं. गाडी तेव्हा समुद्रात होती. सगळं झाल्यावर, तेरावा होऊन गेल्यावर, साउथहॅम्प्टन बंदरातून फोन आला... तुमची गाडी पोचलीय.

हे मला काकांनी सांगितलं, एकदाच. काकू कधीच बोलल्या नाहीत.

काकू रोज दुपारी एक वाजता त्या गाडीत जाऊन बसायच्या. त्यांना ड्रायव्हिंग येत नाही. चाळीस वर्षं काकांच्या डाव्या बाजूला बसायची सवय, म्हणून हात डावीकडच्याच दाराला जातो. पण या गाडीत ती ड्रायव्हरची सीट. म्हणजे त्या त्याच्या जागेवर बसायच्या. इंजिन सुरू करायचं, पंधरावीस मिनिटं थांबायचं, बंद करून परत यायचं. मला वाटायचं, बॅटरी उतरू नये म्हणून.

“तुझ्या काकू गाडी न हलवता रोज फिरून येतात,” काका एकदा म्हणाले. “पेट्रोल तेवढं जळतं.”

“तुम्ही तर पायरीसुद्धा उतरत नाही त्या बाजूला,” काकू म्हणाल्या.

काका पेपरमागे गेले.

ऑक्टोबरच्या मध्यावर काकूंनी मला पोळी वाढता वाढता विचारलं, “स्वाती, तुझे वडील गाडीचे रेडिओ दुरुस्त करतात ना? तुलाही येतं?”

“थोडं येतं काकू. काय झालं?”

“मंदारच्या गाडीत आवाजाचा प्रॉब्लेम आहे.”

“खरखरतोय का?”

“खरखर आहे, पण तिचं काही नाही. त्याचा आवाज येतो गं. माझा जात नाही.”

काका समोरच बसले होते. त्यांनी आमटीत चमचा फिरवला आणि म्हणाले, “रेडिओ आहे तो. रेडिओत आपण बोलत नसतो.”

“तुम्हाला विचारलेलं नाही,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझं लेक्चर नव्हतं. पाऊण वाजता मी काकूंबरोबर गाडीत बसले, उजवीकडे. डोक्यात ठरवून गेले होते... यांना काहीतरी भास होतोय, आपण नीट समजावून सांगायचं. काकूंनी इंजिन सुरू केलं. रेडिओ लागला. डिस्प्लेवर सॅटेलाइटचं चॅनल, आणि खाली ‘नो सिग्नल’.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. अमेरिकेत गाड्यांमध्ये सॅटेलाइट रेडिओ असतो. उपग्रहावरून थेट गाडीत. पण ते उपग्रह फक्त तिकडच्या खंडापुरते. इथे इंग्लंडमध्ये त्यांचा सिग्नल पोचतच नाही. म्हणजे या गाडीतलं ते बटण इथे पूर्णपणे निरुपयोगी. मी काकूंना तेच सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की स्पीकरमधून खरखर येतेय.

ती यायला नको होती. हा डिजिटल रेडिओ. डिजिटलमध्ये सिग्नल नसेल तर खरखर नसते, सरळ शांतता असते. हे पहिल्या सेमिस्टरला शिकवतात.

एक वाजून दोन-तीन मिनिटं झाली असतील. खरखर थोडी खाली गेली, आणि पुढच्या डाव्या स्पीकरमधून, फक्त त्याच, एका पुरुषाचा आवाज आला.

“हॅलो? आई? आवाज येते का माझा?... हॅलो?”

इथे वाढलेली मुलं बोलतात तसं मराठी. मागे गाडी चालल्याचा आवाज. आणि काकू, अगदी रोजच्या स्वरात, डोळे पुसत वगैरे नाही, डॅशबोर्डकडे बघून म्हणाल्या, “येतोय रे. बोल.”

“हॅलो? आई, यू देअर?... काय ऐकू येत नाही. हॅलो?”

“येतोय, येतोय आवाज. अरे बोल ना.”

“...आई?”

आणि पुन्हा खरखर. काकूंनी माझ्याकडे बघितलं. जशी गिऱ्हाइकं अण्णांकडे बघतात... बघा, म्हटलं नव्हतं का मी? “रोज एवढंच. तिकडे आठ वाजतात, तो ऑफिसला निघतो. निघाला की गाडीतून मला फोन करायचा. जेवलीस का विचारायचा. आता एवढंच विचारतो आणि ठेवतो. त्याला वाटतं, मी नाहीये. माइक बघतेस का जरा?”

त्या दिवशी मला भीतीपेक्षा जास्त हट्ट चढला. याला कारण असणारच. पुढचे दोन आठवडे मी कारण शोधलं. दोघींचे फोन घरात ठेवून गाडीत बसून पाहिलं. ब्लूटूथ बंद केलं. शेजारी तान्हं बाळ आहे, त्यांच्या बेबी मॉनिटरचा आवाज पकडला जातोय का, म्हणून त्यांच्याकडे जाऊन विचारलं... त्यांचं वायफायवर चालतं. जवळपास मिनीकॅब म्हणजे टॅक्सीवाल्यांचा वायरलेस आहे का, पाहिलं. एफएम लावला की स्वच्छ गाणी. सॅटेलाइट लावला की खरखर, आणि एकच्या सुमारास तो. रेडिओत रेकॉर्डिंग साठवायची सोयच नव्हती. शब्दही रोज तेच नसायचे. एकदा तो म्हणाला, “आई, पाऊस आहे खूप इथे.” एकदा नुसताच हॉर्न वाजला आणि तो पुटपुटला.

मग ऑक्टोबर संपताना इथली घड्याळं एक तास मागे गेली. अमेरिकेतली आठवडाभराने जातात. त्या रविवारी काकू म्हणाल्या, “या आठवड्यात बाराला बसायचं. तिकडचं घड्याळ अजून बदललेलं नाही.” मला हे सुचलंही नव्हतं. परदेशात मुलं असलेल्या आयांना या गोष्टी पाठ असतात. मी एकलाही बसून पाहिलं. एकला काही नाही. बाराला आला. आठवडाभर बाराला. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकला.

त्यानंतर मी कारणं शोधणं थांबवलं.

नोव्हेंबरमध्ये काकांनी सांगितलं की गाडी विकायची ठरली आहे. स्विंडन गावच्या एका माणसाला अमेरिकन गाड्यांचा नाद आहे, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो येऊन नेणार. काकू भांडल्या नाहीत. रात्रीची भांडी आवरताना मला हळूच म्हणाल्या, “शनिवारच्या आत कर काहीतरी. मला त्याला एवढंच सांगायचंय की ऐकू येतंय. बाकी काही नको. एकदा कळलं की ऐकू येतंय, मग नेऊ देत गाडी.”

मी म्हणायला हवं होतं की काकू, मला जमणार नाही. रेडिओ फक्त घेतो, पाठवत नाही. गाडीत जो माइक असतो तो फोनसाठी, त्याचा सॅटेलाइटशी संबंध नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण मला वाटलं, निदान माइक बघावा. काहीतरी केल्याचं त्यांना समाधान. आणि खरं सांगू... मनात कुठेतरी वाटत होतं, जो आवाज यायला नको तो येतोय, तर जो जायला नको तो कदाचित जाईलही.

बुधवारी सकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल लावून मी बॉनेट उघडलं. त्यांना खरं काही सांगितलं नव्हतं, फक्त हँड्सफ्रीचा माइक बंद आहे म्हटलं.

“निगेटिव्ह काढलीस का?” अण्णा.

“काढतेय की.”

“बोलू नगंस, आधी काढ. मला दाखीव.”

मी काढली. त्यांना दाखवली. मग छतावरच्या दिव्याजवळची जाळी उघडली, आणि आत माइकचा प्लग खरंच निघालेला होता. वायर नुसती लोंबत होती. कदाचित जहाजातल्या हादऱ्यांनी. मला इतका आनंद झाला! मी ओरडलेच, “अण्णा, सापडलं!” काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मी त्यांना अंगठा दाखवला. प्लग बसवला, जाळी लावली, निगेटिव्ह परत आवळली. काकू हात पुसत पुसत बाहेर आल्या, त्यांच्या जागेवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

डिस्प्लेवर एकच शब्द आला... ‘कोड’. पुढे चार मोकळ्या रेघा.

“काय मागतंय ते?” काकूंनी विचारलं.

काही रेडिओंना चोरीविरुद्ध कुलूप असतं. बॅटरी एकदा सुटली की ते मालकाचा आकडा विचारतात. आकडा दिल्याशिवाय रेडिओ लागत नाही. मला हे माहीत होतं. पुस्तकातून माहीत होतं. बार्शीत असे रेडिओ आम्ही कधी दुरुस्तच केले नाहीत, त्यामुळे हाताला माहीत नव्हतं.

“चार आकडी कोड मागतोय, काकू.”

“मग घाल ना.”

“तो... मंदारदादालाच माहीत असणार.”

फोनवर अण्णा अजून होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, “पोरी, माझंच चुकलं. कोडचा हाय का, हे मी इचारायला पायजे हुतं.” त्यांचा काही दोष नव्हता. मी फोन बंद केला.

काकूंनी त्याची जन्मतारीख घातली. चूक. स्वतःची घातली. चूक. मी त्यांचा हात धरला, कारण जास्त वेळा चुकलं तर तो कायमचा बंद होतो. त्या एक वाजेपर्यंत तशाच बसून राहिल्या. एक वाजला. डिस्प्लेवर ‘कोड’. स्पीकर गप्प. एक वाजून पाच मिनिटांनी त्या काचेकडे बघत म्हणाल्या, “तो बोलत असेल आत्ता.”

पुढे जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. काकांनी स्विंडनच्या माणसाला फोन करून यायचं नाही म्हणून सांगितलं. मंदारदादाच्या कागदांच्या फायली माळ्यावरून काढल्या, दोन दिवस चाळल्या. कोडचं कार्ड सापडलं नाही. मग मी रेडिओ बाहेर काढून मागचा सीरियल नंबर दिला, आणि काकांनी गाडी जिथून घेतली होती त्या अमेरिकेतल्या शोरूमला ईमेल लिहिला. सोबत मृत्यूचा दाखला जोडला. रेडिओच्या चार आकड्यांसाठी. उत्तर यायला नऊ दिवस लागले. नऊही दिवस काकू एक वाजता जाऊन बसायच्या. काहीच लागत नसताना.

कोड आला त्या दिवशी काकाही गाडीत आले. पहिल्यांदाच. मागच्या सीटवर, छत्री गुडघ्यांत धरून बसले. मी कोड घातला. रेडिओ लागला. सॅटेलाइटचं बटण दाबलं. ‘नो सिग्नल’.

आणि शांतता. खरखर नाही. काही नाही. पुस्तकात लिहिलंय तशी, डिजिटल, स्वच्छ शांतता. सगळ्या स्पीकरांचा आवाज तपासला, चारही उत्तम. माझा फोन गाडीला जोडून काकांच्या फोनवर कॉल लावला आणि माइक तपासला, काकूंचा आवाज काकांच्या फोनवर इतका स्पष्ट जात होता की काका म्हणाले, “एक्स्चेंजमध्येसुद्धा एवढी क्लीअर लाइन मिळत नसे.”

एक वाजला. सव्वा वाजला. पाऊस काचेवर होता, वायपर बंद होते. दीडला काकूंनी इंजिन बंद केलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, “इतके दिवस निदान तो विचारत होता. मध्येच सगळं बंद पडलं... त्याला वाटलं असेल, मी फोन ठेवला.”

काकू आत गेल्यावर मी तिथेच बसून रडले. काका मागच्या सीटवरून उतरले नव्हते. म्हणाले, “तू ऐकला होतास?”

“हो काका. रोज.”

“मीही. एकदाच. गाडी आली त्या आठवड्यात, इंजिन तपासायला बसलो होतो.” त्यांनी छत्रीची मूठ फिरवली. “त्याने ‘बाबा?’ म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर ते खरं मानावं लागलं असतं. मी बटण बंद करून उतरलो. तुझ्या काकू सांगतात त्यावरून, तेव्हापासून त्याने माझं नाव घेतलं नाही.”

एवढंच झालं. तो रेडिओ आता पूर्णपणे दुरुस्त आहे. जे चालू असायला हवं ते चालू आहे, जे बंद असायला हवं ते बंद आहे. मी माइकचा प्लग पुन्हा काढून पाहिला. बॅटरी पुन्हा सोडून, पुन्हा कोड घालून पाहिलं. अण्णांना शेवटी सगळं खरं सांगितलं, तेव्हा ते वाद घालतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “बिघाड काढताना बिघाडच हाय का हे बघायचं राहिलं.” माझ्या प्रोफेसरांना मी कुणाचं नाव न सांगता विचारलं, सिग्नल नसताना डिजिटल रिसीव्हरमधून खरखर येऊ शकते का? ते म्हणाले, नाही. मग त्याआधी महिनाभर काय येत होतं, घड्याळ बदललं तेव्हा ते बाराला कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असलंच, तरी ते आता काकूंच्या काही कामाचं नाही, हेही मला कळतं.

मी अजून तिथेच राहते. खोली बदलायचा विचार केला होता, पण काकू म्हणाल्या, “कुठे जातेस? जेवायचे हाल होतील.” गाडी विकलेली नाही. काल लेक्चरवरून लवकर परत येत होते, एक वाजून गेला होता. काकू गाडीत होत्या, काचा वर. मी फुटपाथवर थांबले. आतलं बाहेर काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते, थोड्या थोड्या वेळाने, मध्ये थांबून, डॅशबोर्डकडे बघून.

येतोय रे. बोल. येतोय.